केडीएमच हवं

चुकीचा शब्द मला खपत नाही. हॉटेलच्या फळ्यावर 'शुद्ध' नीट लिहिलेलं नसलं तर चहा येण्याआधी मी मालकाला हाक मारते. किराणावाला खायच्या सोड्याला 'ॲसिड' म्हणाला तर त्यालाही सोडत नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत माझ्याविषयी काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे, आणि त्यात खोटं फारसं नाही. सगळी नोकरी हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवण्यात गेली, अजून थोडी उरली आहे. प्रयोगशाळेत मुलांना पहिल्याच तासाला दम भरते, की बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. ज्यानं लावला तो तास संपेपर्यंत बाहेर.

अशा बाईनं एका शब्दाचा अर्थ जन्मात कधी विचारला नाही. त्याचं काय झालं ते सांगते आहे. सांगून लाज कमी होईल असं मला वाटत नाही, पण न सांगताही ती कमी झालेली नाही.

तो शब्द म्हणजे केडीएम. कोल्हापुरात सोनं घेणाऱ्या कुठल्याही घरात हा शब्द सापडेल. सराफांच्या पाट्यांवर तो असायचा, बायकांच्या तोंडी असायचा. आई बांगडी हातात घेऊन आधी वजनाचा अंदाज घ्यायची आणि मग विचारायची, "केडीएम ना?" हो म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा. माझ्या मावशीला जावई पसंत पडला तेव्हा ती चारचौघांत म्हणाली होती, "पोरगा अगदी केडीएम आहे हो." आम्ही पोट धरून हसलो होतो, पण अर्थ सगळ्यांना कळला होता. भेसळ नसलेलं, पारखून घेतलेलं, खणखणीत. यातला 'के' कॅरटचा असणार, असं मी मनाशी धरून चालले होते. 'डी' आणि 'एम' कशाचे, हा प्रश्न मला पडला नाही. मुलांनी परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

मुलीचं लग्न ठरलं आणि मी कोल्हापुरी साज करायचं मनावर घेतलं. मुलगी म्हणाली, "आई, एवढं गळ्यात कोण घालतं आता?" मी म्हटलं, "तू घालशील." आईच्या पाटल्या माझ्याकडे होत्या. त्या मोडून साज करायचा, म्हणजे आजीचं सोनं नातीच्या गळ्यात जाईल. बेत चांगला होता. अजूनही मला तो चांगलाच वाटतो, आणि त्यानंच जास्त बोचतं.

गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, आमच्या ठरलेल्या दुकानात गेले. शेठ गादीवर बसले होते. पाटल्या त्यांच्या पुढ्यात ठेवून मी नेहमीच्या तोऱ्यात सांगितलं, "साज करायचाय. केडीएमच हवं."

शेठ जरा घुटमळले. "मॅडम, केडीएम आता करत न्हाय आम्ही. सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतोय, त्यात ते चालत न्हाय. आता जस्ताचा डाग वापरत्यात. त्योबी चांगला असतोय."

डाग म्हणजे दोन तुकडे सांधायला मध्ये जो मऊ धातू वितळवतात तो. भांड्याला डाग देतात, तसाच सोन्याला. साजाला पानंच पानं असतात. प्रत्येक पान दोन-तीन तुकड्यांचं, त्यावर बारीक काम, वर अडकवायला कडी. त्यामुळे या दागिन्यात सोन्याखालोखाल जर काही असेल तर ते सांधे. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र मला एवढंच ऐकू आलं की दुकानदार चांगला माल सोडून दुसराच काहीतरी गळ्यात मारतो आहे.

"शेठ," मी म्हटलं, "मी रसायनशास्त्र शिकवते. मला जस्त माहीत नाही होय? पत्र्याला लावतात ते. माझ्या आईच्या सोन्यात जस्त घालायचं नाही. केडीएम म्हणजे केडीएम."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं होती. त्यातल्या एकीनं मान डोलावली. मला बरं वाटलं. शेठ हात जोडून म्हणाले, "तुम्ही शिकल्यासवरलेल्या, त्यातल्या म्हाइतगार. आता तुम्हीच म्हणताय तर कारागिराला सांगतो." त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यांनी नियम दाखवून परत पाठवलं असतं. माझ्या विषयाचं नाव ऐकलं आणि ते गप्प झाले. नियमापेक्षा माझा शब्द मोठा ठरला.

तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. कारागीर ओळखीतले होते, त्यांना सगळे दादा म्हणायचे, आणि त्यांची मुलगी माझ्या हाताखाली शिकून गेली होती. मी थेट त्यांच्या खोलीवर गेले. गुजरीच्या मागच्या बोळात, जिना चढून वर. एवढीशी खोली, एक खिडकी, तीही रस्त्यावरची धूळ सोन्यावर बसू नये म्हणून लावलेली. पंखा होता, पण बंद. ज्योत हलते आणि चिमटीतले कण उडतात, म्हणून काम चालू असताना पंखा लावायचा नाही, अशी रीत. दादा पाटावर बसून फुंकणीनं ज्योत वाकवत होते. मला बघताच उठले.

दादा म्हणजे मोठं रंगेल व्यक्तिमत्त्व. केस काळेभोर केलेले, मिशी कोरलेली, बोलणं सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं. स्वतःच्या हाताची त्यांना भारी घमेंड, आणि ती त्यांना शोभायची. "बाई, कोल्हापुरात माझ्यासारखा सांधा कोण करतोय ते दावा," म्हणायचे. "भिंग लावा न्हायतर दुर्बीण लावा. सांधा गावणार न्हाय."

मी माझी मागणी सांगितली. त्यांचे डोळे चमकले. "केडीएम? व्हय की! त्या जस्ताच्या डागाला मजाच न्हाय बघा. लवकर पळत न्हाय, सांध्यावर गाठ ऱ्हाती. केडीएम कसं लोण्यागत पळतंय." मग जरा थांबून म्हणाले, "म्या सोडलं होतं खरं. शेठबी नगं म्हणत्यात, आन् मला खोकला लागतोय त्या धुरानं. पर बाई म्हणत्यात म्हंजे त्यात काय तरी असणारच की."

दादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आतून चहा घेऊन आल्या. त्या काही बोलायच्या नाहीत, पण त्या दिवशी बोलल्या. "त्यास्नी ते सोसत न्हाय, बाई. रातभर खोकत्यात."

आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, काय म्हणाले? म्हणाले, "गूळ खायला द्या, वहिनी. धूर-धुरळा सगळा गुळानं खाली उतरतो."

आमच्याकडे हे सगळेच म्हणतात. फाउंड्रीतून माणूस घरी आला की हातावर गुळाचा खडा. दळपाच्या गिरणीत गूळ, सोनाराच्या पाटाशेजारी गुळाचा डबा. गूळ पोटात जातो आणि धूर छातीत. या दोन वाटा वेगळ्या आहेत हे मी आठवीच्या मुलांना आकृती काढून शिकवते. तरी मी ते बोलले. बोलून थांबले नाही, तर पुढच्या फेरीला गूळ घेऊन गेले, चांगला पिवळाधमक, भावाच्या गुऱ्हाळावरचा. दादांनी तो कपाळाला लावून घेतला. "बघा," वहिनींना म्हणाले, "बाईंनी औषध आणलं." मी हसले. तो गूळ आठवला की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं.

साजाची पानं तयार झाली. पोकळ पानांत लाख भरण्याआधी, मिळाला तर मिळाला म्हणून, शेठनी ती तपासून शिक्का मारून आणायला पाठवली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले. शेठ म्हणाले, "मॅडम, शिक्का मिळाला न्हाय. मशीननं परत पाठवलं."

"का? सोनं कमी निघालं?"

"सोनं चोख हाय. कॅडमियम दावलं."

"कॅडमियम?" माझा आवाज चढला. "कॅडमियम कुठून आलं त्यात? विषारी धातू आहे तो, शेठ! मी केडीएम सांगितलं होतं. तुमच्या माणसानं त्यात कॅडमियम घातलंच कसं?"

शेठ माझ्याकडे बघत राहिले. चेष्टा करते आहे की काय, असं त्यांना वाटलं असावं. मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसा. "मॅडम, तेच की. केडीएम म्हंजे कॅडमियमच की. कारागिरांच्या तोंडात त्याचं तसं झालंय."

कॅडमियम. केडीएम. मी मनात दोन-तीनदा म्हणून बघितलं. जस्ताच्या खाली, पाऱ्याच्या वर. वर्गातल्या तक्त्यावर त्या चौकोनावर माझी पट्टी किती वेळा टेकली असेल. त्याचा धूर फुप्फुसात गेला तर काय होतं, मूत्रपिंडात साठला तर काय होतं, हाडं कशी ठिसूळ होतात, हे मी दरवर्षी सांगते. मुलं घाबरतात, आणि ती घाबरलेली बघून मला शिकवल्याचं समाधान मिळतं. आणि तेच विष मी नावानं मागून घेतलं होतं. नको म्हणणाऱ्यांना दटावून.

मागे कुणीतरी हसलं. दुसऱ्याच कशाला तरी हसलं असेल. पण त्या क्षणी मला ते माझ्यावरच वाटलं, आणि तसं असतं तरी चूक नव्हतं.

"दादांना पानं नव्यानं करायला सांगा," मी कसंबसं म्हटलं.

"दादा दवाखान्यात हायत," शेठ म्हणाले. "ताप भरलाय. धाप लागतीया."

मी तशीच दवाखान्यात गेले. दादांच्या नाकाला नळी होती. मिशी विस्कटलेली. केसांच्या मुळाशी पांढरं दिसत होतं, ते त्यांनी मला कधी बघू दिलं नसतं. मला बघून हात जोडायला गेले आणि तेवढ्यानंच खोकला उसळला. वहिनी म्हणाल्या, काम झालं त्या संध्याकाळी ते ठणठणीत होते, जेवले, गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं. थंडी-ताप समजून घरीच झोपले, आणि मग श्वासच पुरेना. हा धूर असाच असतो. आधी काही कळू देत नाही. हेसुद्धा मी वर्गात सांगते.

डॉक्टर तरुण होते. न्यूमोनिया म्हणून औषधं चालू होती, पण त्यांचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. "काम काय करतात?" त्यांनी वहिनींना विचारलं. "सोनारकाम," वहिनी म्हणाल्या. डॉक्टरांनी मान हलवली. सोनारकाम म्हटल्यावर कुणाच्या मनात धूर येईल? मी पुढे झाले. कॅडमियमचा धूर, बंद खोली, किती दिवस काम चाललं, सगळं सांगितलं. त्यांनी लगेच कुठल्या कुठल्या तपासण्या लिहिल्या, औषध बदललं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं मॅडम तुम्ही होतात. हे आम्हाला कुणी सांगितलंच नसतं. तुमच्यासारखी माणसं हवीत."

वहिनींनी माझा हात धरला. "द्येवासारख्या धावून आला, बाई."

मला तिथंच सांगता आलं असतं, की धूर मीच मागवला होता. वहिनींना ते माहीतच होतं, त्या समोरच तर होत्या. पण त्या दोन गोष्टी त्यांच्या मनात जोडल्या गेल्या नव्हत्या, आणि मी त्या जोडून दिल्या नाहीत. आभार घेतले आणि घरी आले. घरी आल्यावर भांडी आपटली.

दादा वाचले. घरी आले तेव्हा जिन्यात दोनदा बसले. आवाज अर्धा झाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, की तो धूर परत छातीत गेला तर सांगता येणार नाही. आता दादांचा श्वास ते पुढे कुठला डाग वापरतात यावर अवलंबून होता, इतकं साधं झालं होतं ते.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे कुणावर तरी खेकसायला निघाले. स्वतःवर खेकसून फार वेळ भागत नाही. देशात कायदे आहेत की नाहीत? घातक रसायनं हाताळणाऱ्या कामगारांसाठी नियम असतातच. वाचायला बसले. नियम होते, आणि चांगले होते. हवेत कशाचं प्रमाण किती असावं, धूर ओढून घेणारी यंत्रणा हवी, कामगारांची दरवर्षी तपासणी हवी. वाचताना उत्साह आला. मग हळूहळू लक्षात आलं की यातलं बरंच काही कारखान्यासाठी आहे, आणि कारखाना म्हणायला अमुक इतकी माणसं लागतात. बोळातल्या जिन्यावरची ती खोली कायद्याच्या भाषेत कारखाना नव्हतीच. तिथे दादा होते, वहिनी होत्या आणि एक बंद पंखा होता.

दादांच्या कामापर्यंत पोचणारा मला सापडलेला एकच नियम म्हणजे तो शिक्क्याचा. शिक्का हवा असेल तर डागात कॅडमियम चालणार नाही. त्या नियमानं गिऱ्हाइकाचं सोनं चोख राहतं आणि जाता जाता कारागिराची छातीही वाचते. त्याच नियमामुळे शेठनी काम बदललं होतं, दादांचा खोकला कमी झाला होता. सगळ्या देशात तेवढा एक धागा त्यांच्या खोलीपर्यंत आला होता, आणि मी तो माझ्या ज्ञानाच्या जोरावर तोडला.

तरी मी कामगारांच्या सरकारी कचेरीत फोन लावलाच. तिकडचे गृहस्थ सभ्य होते, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तक्रार कुणाविरुद्ध आहे? मालक कोण?"

"मालक असा कुणी नाही. ते स्वतःच."

"दुकानदारानं हे वापरायला सांगितलं का?"

"नाही. तो नकोच म्हणत होता."

"मग काम कुणी सांगितलं?"

मी फोन ठेवला. चाळीस मुलांपुढे उभं राहून बोलणारी बाई मी. 'मी' हे एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही.

मग दादांच्या घरी गेले. माफी मागायचं ठरवून गेले होते. मागितलीही. दादांनी ती उडवून लावली. "काय तरीच काय बाई! धुरानं कुटं काय हुतंय? माझा बा जल्मभर ह्येच करत होता. हवा बदलली, म्हणून आजारी पडलो." मी समजावू लागले, कॅडमियम काय असतं ते. ते ऐकता ऐकता त्यांचा चेहरा कठीण होत गेला. मी बोलायची थांबले. माझं खरं मानलं तर त्यांनी ज्या हातावर जन्मभर घमेंड केली, त्याच हातानं स्वतःची छाती जाळली असं होत होतं. ते त्यांनी का म्हणून मानावं?

जिन्यापर्यंत वहिनी सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, एक सांगू? ह्ये धुराचं कुणाला बोलू नगा. शेठला तर न्हाईच. छातीचा रोगी हाय म्हटलं की काम दुसरीकडं जातंय. मग आमी खायाचं काय?"

मी हो म्हटलं. शाळेत सांगायचं, सराफांच्या बैठकीत जाऊन बोलायचं, पेपरात लिहायचं, असं बरंच काही मी ठरवलं होतं. ते सगळं मी त्या जिन्यावर सोडून आले. वहिनींना शब्द दिला म्हणून गप्प बसले, असं स्वतःला सांगितलं. ते खरं आहे, पण सगळं खरं नाही. गप्प बसणं मला सोयीचंही होतं. बोलले असते तर पहिलं वाक्य माझ्याविषयी बोलावं लागलं असतं.

राहिला साज. शेठ म्हणाले, आटवून नव्यानं करू. आटवायचं म्हणजे कॅडमियम पुन्हा तापायचं आणि पुन्हा धूर होऊन कुणाच्या तरी नाकात जायचं. दादांच्या नाही तर आटणी करणाऱ्याच्या. शेवटी सोनं माझंच होतं, म्हणून शेठनी मजुरीचं काम म्हणून शिक्क्याशिवाय पानं परत दिली. लाख भरून, ओवून साज पुरा झाला. मी तो आटवू दिला नाही, निदान एवढं तरी बरं केलं असं मला वाटलं. तो घरात कपाटात ठेवायचा, लग्नात घालायचाच नाही, असंही एकदा मनात आलं. पण मुलीनं तो घालून आरशात बघितला. आधी नको नको म्हणणारी ती, हरखून गेली. मी कपाटाचा विचार सोडून दिला.

लग्नाला दादा आणि वहिनी आले. दादांनी केस काळे करून घेतले होते, कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. स्टेजच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबले आणि कुणाला तरी शोधत असल्यासारखं इकडेतिकडे बघितलं. ते श्वास घेत होते हे फक्त वहिनींना आणि मला कळलं. वर आल्यावर मुलगी त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या गळ्यातलं एक पान दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवलं.

आमच्या विहीणबाई शेजारीच होत्या. गारगोटीकडच्या, घरी मोठी शेती, दुभती जनावरं, आवाज खडा आणि मन मोकळं. मला त्या पहिल्या भेटीपासून आवडतात. त्यांनी वाकून पान बघितलं. "अगं बया! ह्येचा सांधाच दिसत न्हाय की!"

"दिसणार न्हाय, पावणं," दादा म्हणाले. त्या एका वाक्यात त्यांचा जुना आवाज परत आला. "केडीएम हाय. बाईंनी सवता सांगून करून घेतलंय. रसायनशास्त्राच्या हायत त्या."

आजूबाजूच्या बायकांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. विहीणबाई म्हणाल्या, "मग आमच्या धाकटीलाबी असाच करा. तिचं म्होरच्या वर्साला हाय. असाच, केडीएमचा."

दादांनी माझ्याकडे बघितलं. वहिनींनीही बघितलं. वहिनींच्या नजरेत मी दिलेला शब्द होता. दादांच्या नजरेत काय होतं ते मला सांगता येत नाही. मी 'नको' म्हणावं असं त्यांना आतून वाटत होतं, असं मला कधी कधी वाटतं.

यावेळी मी बोलले. वहिनींना दिलेला शब्द मोडला. "विहीणबाई, केडीएम नको," मी म्हटलं. "त्यावर बंदी आहे. ते विष असतं. मला ते कळलं नव्हतं, म्हणून मी मागितलं. माझी चूक झाली."

विहीणबाईंनी चटकन हात मागे घेतला. माझ्या मुलीच्या गळ्याकडे घाबरून बघितलं. "इख? मग ह्ये सुनंच्या अंगावर कसं काय घातलंसा? पोरीला काय झालं म्हंजे?"

"तिला काही होत नाही," मी म्हटलं. "घालणाऱ्याला काही होत नाही. करणाऱ्याला होतं. तापवताना त्याचा धूर छातीत जातो."

"घालणाऱ्याला काय हुत न्हाय न्हवं?"

"नाही."

"मग झालं की!" विहीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि साज पुन्हा मायेनं सुनेच्या गळ्यावर सारखा केला. "कसलं घाबरवलं हो तुमी! दादा, करा मग असाच. सांधा दिसाय नगं बघा."

दादा हसले. वहिनी खाली बघत होत्या.

"करतो की," दादा म्हणाले.

मला विहीणबाईंचा राग आला नाही. राग यायला तोंड लागतं, आणि ते मी आईच्या पाटल्यांबरोबरच गुजरीत ठेवून आले होते. फोटोवाला म्हणाला, सगळे जरा जवळ या. दादा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, आणि फोटो निघेपर्यंत त्यांनी खोकला दाबून धरला.